बायांचं बोलणं डीमध्ये होतं

आमच्या संघटनेला नवा कॉम्प्युटर मिळाला, तो दिवस मला कॉम्प्युटरपेक्षा भाषणांमुळं जास्त आठवतो. शहरातले एक भले गृहस्थ गाडीतून खोकं घेऊन आष्टीला आले. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची आमची छोटी संघटना. एक खोली, एक कपाट, दोन सतरंज्या. त्या दिवशी खोलीत माणसं मावेनात. हार झाले, नारळ झाला, मावशींनी कॉम्प्युटरच्या डब्याला कुंकू लावलं. मावशी म्हणजे आमच्या अध्यक्ष. निम्मं आयुष्य उसाच्या फडात काढलेल्या. गुडघे चालत नाहीत म्हणून फड सुटला, राग जात नाही म्हणून संघटना धरली. गृहस्थ भाषणात म्हणाले, "मशीन तुमच्या कामापुरतं उत्तम आहे. तुमचं काय, टायपिंग आणि प्रिंट."

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. पण ते 'कामापुरतं' कुसळासारखं टोचत राहिलं.

पुढं ते किती टोचणार होतं हे कॉम्प्युटर सुरू केल्यावर कळलं. बटण दाबायचं, खाली जाऊन चहा सांगायचा, चहा वर यायचा, पिऊन व्हायचा, कप विसळून व्हायचा, आणि पडद्यावर ते ठिपके अजून गोल फिरतच असायचे. आतून कर्र कर्र आवाज यायचा, जात्यात खडा सापडल्यासारखा. त्यात आमच्याकडच्या लाइटीचा काही नेम नाही. चहा पिऊन झाला, पडदा उजळला, मी माऊसला हात लावला की लाइट गेलीच. आली की परत पहिल्यापासून. नवाकोरा कॉम्प्युटर, अंगावरचा प्लास्टिकचा कागदही निघालेला नव्हता, आणि चालायचा मात्र दवाखान्याच्या पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

मला त्या गृहस्थांचा राग नाही. ते आले तरी, बाकीचे आलेही नाहीत. राग आहे तो मोजमापाचा. आमच्या बाया किती वेगानं ऊस तोडतात हे मोजायला कारखान्यापासून मुकादमापर्यंत सगळे हजर असतात. त्यांच्या कामाला वेग लागतो. पण त्यांच्या संघटनेच्या कामाला वेग लागत नाही, तिथं कामापुरतं चालतं. हे कोण ठरवतं? कुणी बसून ठरवत नाही, हाच तर त्रास आहे. कुणी ठरवलं असतं तर त्याच्या दारात जाऊन बसता आलं असतं.

कर्र कर्र ऐकत मी बरेच दिवस काढले. पत्रकं लिहिणं हे माझं काम, आणि पत्रक तसं कशावरही निघतं. चार ओळी अन्याय, दोन ओळी मागणी, शेवटी वार आणि ठिकाण. पण यंदा पत्रकानं भागणार नव्हतं.

शहरातल्या संस्थांनी अंबाजोगाईला सुनावणी ठरवली होती. ऊसतोडीच्या बायांचं म्हणणं चार जाणत्या माणसांसमोर मांडायचं, त्यांनी ते ऐकून वर सरकारला कळवायचं. चांगली गोष्ट होती. फक्त ती ठेवली होती ऐन हंगामात, म्हणजे ज्यांचं ऐकायचं त्या सगळ्या फडावर असताना. मी भांडले. "हंगाम संपल्यावर घ्या," म्हणाले. तेव्हा हॉल मिळत नाही, पाहुण्यांना वेळ नाही, असं उत्तर आलं. मग मावशींनी तोड काढली. "बाया न्हाई येऊ शकत तर बायांचं बोलणं घिऊन जा. गाड्या भरायच्या आधी गाठ एकेकीला."

तसं मी केलं. दिवाळीनंतर गाड्या भरायला लागल्या तेव्हा मी गावोगाव फिरत होते. कुठं ट्रॉलीवर भांड्याकुंड्यांची पोती चढत होती, कुठं शेळी चढायला तयार नव्हती. त्या गडबडीत एकेकीला बाजूला घेऊन मी मोबाईलवर तिचं बोलणं भरून घेतलं. मोबाईल भरला की ऑफिसात येऊन कॉम्प्युटरवर टाकायचं, मोबाईल रिकामा करायचा, परत निघायचं. प्रत्येकीची एकच अट: "नाव घ्यायचं न्हाई." नाव कळलं तर पुढच्या साली मुकादम हंगामाआधीची उचल देणार नाही. म्हणून मी आजही कुणाचं नाव लिहीत नाही. एकदा नाव न घ्यायची सवय लागली की ती सगळीकडंच लागते.

त्यातली एक माझ्या मनात बसली होती. विधवा बाई, माझ्यापेक्षा फार मोठी नसावी. फडावर नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. ती अर्धा कोयता होती. तिनं पदर नीट केला, मोबाईलकडं संशयानं बघितलं आणि विचारलं, "हे कुठं ठिवनार तुमी?"

"कॉम्प्युटरमध्ये," मी म्हणाले.

"तितं ऱ्हातंय का?"

"राहतंय की."

मग ती बोलली, आणि बोलली ती थांबलीच नाही. ते नंतर सांगते.

एवढं सगळं कॉम्प्युटरमध्ये टाकल्यावर आमचं यंत्र अगदीच बसलं. बायांचं बोलणं ऐकून, त्यातलं मुद्द्याचं कापून सुनावणीसाठी जोडायचं होतं. तीन तुकडे जोडले की पडदा गोठायचा. मी चिडून माझ्या चुलतभावाला बोलावलं. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. जोडीला तो कॉम्प्युटर बघतो, दुकानांना कॅमेरे बसवतो, आणि त्याला येत नाही अशी गोष्ट जगात आहे यावर त्याचा विश्वास नाही. माझ्याहून लहान आहे, पण मला सल्ला देताना आजोबा होतो.

त्यानं कॉम्प्युटर सुरू केला, ठिपके बघितले, जांभई दिली.

"आक्के, मशीन चांगली हाय. हार्ड डिस्कवर चालतीय म्हणून रडती. एसएसडी टाक, सगळी सिस्टिम तिच्यावर घेऊ. उडंल नुसती."

संघटनेची रीत अशी की बैठकीत विषय झाल्याशिवाय भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. विषय मांडला. गावात राहिलेल्या दहा-बारा बाया होत्या, म्हाताऱ्या नाहीतर लेकुरवाळ्या. भाऊ सतरंजीच्या कडेला उकिडवा बसून समजावत होता. "जुन्या डिस्कमधी तबकडी असती, ती गरागरा फिरती. फिरल्याशिवाय तिला काय सापडत न्हाई. या नव्या डिस्कमधी फिरायचं कायच न्हाई."

"मंग काम कसं करती?" मावशींनी विचारलं.

"बसल्या जागी."

"बसल्या जागी? मुकादम हाय का त्यो?"

बैठक अशी हसली की खालून आप्पा बघायला आले.

आप्पा आमचे घरमालक. खाली त्यांचं किराणा दुकान, वर आमची खोली. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, सोमवारी उपास. मूळचे अंबाजोगाईकडचे, दुकानापायी आष्टीत स्थिरावलेले. माझं आणि त्यांचं पटत नाही आणि पटतंही. त्या पावसाळ्यात मी शुभ-अशुभ मानण्यावर एक पत्रक काढलं होतं, चांगलं कडक. आप्पांच्या शटरवर चिकटवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "ताई, लिवलंय झ्याक. पर कागद जरा जाड घेत जावा. पुडी बांधताना फाटतंय." आमच्या उरलेल्या पत्रकांत ते हळद-जिरं बांधून देतात. मी आधी चिडायचे. मग लक्षात आलं की मी वाटलेल्यांपेक्षा आप्पांनी बांधलेली पत्रकं जास्त घरांत पोचतात.

तर बैठकीनं मंजुरी दिली आणि भाऊ एसएसडी घेऊन आला. खोबऱ्याच्या वडीएवढी वस्तू. मी कॉम्प्युटरच्या डब्याचे स्क्रू काढले, कुंकवाचा वाळलेला थर नखानं खरवडला. आत धूळसुद्धा नव्हती. जुनी डिस्क जड होती, हातात घेतली की कोमट लागली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्याकडं कॉम्प्युटर विकत घ्या नाहीतर दानात घ्या, दुकानदार एकाच डिस्कचे कप्पे पाडून देतो: सी, डी, ई. आणि कॉम्प्युटरच्या क्लासला पहिल्या दिवशी जे शिकवतात ते मरेपर्यंत विसरत नाही: महत्त्वाचं काही सीमध्ये ठेवायचं नाही. सी म्हणजे सिस्टिम. ती कधी बिघडेल, कधी पुसून परत टाकावी लागेल सांगता येत नाही. महत्त्वाचं डीमध्ये ठेवायचं. हा नियम पाळणारी माणसं मी आष्टीपासून शेजारच्या कडा गावापर्यंत बघितली आहेत. तलाठ्याच्या टेबलावर हाच नियम, फोटो स्टुडिओत हाच. मीही पाळला. बायांचं सगळं बोलणं मी जपून डीमध्ये ठेवलं होतं, आणि सारखं आत शिरायला नको म्हणून पडद्यावर त्याचं एक चित्र करून ठेवलं होतं. पिवळं पाकीट, खाली लिहिलेलं: बाया.

भावानं दोन्ही डिस्क जोडल्या, काहीतरी सुरू केलं, म्हणाला, "नवी डिस्क लहान हाय, सगळं मावत न्हाई. सिस्टिम तेवढी घेतो. सिस्टिम आली म्हंजे सगळं आलं."

सिस्टिम आली म्हणजे सगळं आलं. हे वाक्य मी कितीतरी व्यासपीठांवर जरा वेगळ्या शब्दांत ऐकलेलं होतं, माझ्याच बाजूच्या माणसांकडून. त्यामुळं असेल, मला ते खटकलं नाही.

नक्कल पूर्ण झाली. पण सुरू करताना यंत्र परत जुन्याच डिस्ककडं जायचं, कर्र कर्र करायचं. दोनदा झालं. भाऊ वैतागला. "जुनी खोड हाय. काढूनच टाकू." त्यानं जुनी डिस्क काढली, झाकण लावलं, बटण दाबलं. मी सवयीनं उठले, चहा सांगायला. जिन्याच्या तोंडाशी पोचले नव्हते, तर भाऊ म्हणाला, "कुठं चाललीस? झालं की सुरू."

परत आले तर पडदा उजळलेला. सगळं जागच्या जागी. माझे फॉन्ट, माझी पत्रकं ठेवायची जागा, मागं लावलेला मोर्चाचा फोटो. आणि कोपऱ्यात ते पिवळं पाकीट: बाया. मी त्याच्याकडं बघितलं. उघडलं नाही. आवाजही बंद झाला होता. एवढी शांतता की मी दोनदा खाली वाकून बघितलं, यंत्र चालू आहे ना म्हणून. मावशी म्हणाल्या, "काय बोलंना झालंय गं हे."

"मावशी, चांगल्या मशीन बोलत न्हाईत," भाऊ म्हणाला.

जुनी डिस्क टेबलावर पडली होती. आप्पांना दुकानातल्या कॅमेऱ्यासाठी तशीच डिस्क हवी होती. त्यांच्या यंत्रातली जळाली होती. भावानं ती खाली नेऊन दिली. त्याला कड्याला एका मंगल कार्यालयाचे कॅमेरे बसवायला जायचं होतं, म्हणून आप्पांना सांगितलं, "दोन वायरी लावायच्या फक्त. तुमचं तुमाला जमंल." मी कौतुकानं बघत होते. वस्तू वाया गेली नाही याचा आम्हा लोकांना फार आनंद होतो.

पुढचे काही दिवस मी वेगाच्या नशेत होते. सुनावणीचे फलक, निमंत्रणं, मागण्यांचा मसुदा, सगळं झरझर. लाइट गेली तरी चीड नाही; आली की यंत्र तयार. बायांचं बोलणं कापायचं काम मी मागं ठेवत गेले. आता काय, वेग आहे, एका बैठकीत होईल. हा विचार वेगानंच आणला. जुन्या यंत्रावर असते तर भीतीनं आधी तेच काम घेतलं असतं.

सुनावणीला दोन दिवस होते तेव्हा दुपारी मी निवांत बसले, कानात हेडफोन घातले आणि पिवळ्या पाकिटावर दोनदा टिचकी मारली.

पाकीट उघडलं नाही. एक चौकट आली. जागा सापडत नाही.

परत मारली. तेच. मग आत जाऊन बघितलं. सी होती. डी नव्हती. ई नव्हती. ते पिवळं पाकीट म्हणजे नुसती दारावरची पाटी होती. सिस्टिमबरोबर पाटी आली. घर जुन्या डिस्कवर राहिलं, डीमध्ये, जिथं महत्त्वाचं ठेवायचं असतं तिथं.

भावाला फोन लावला. तो कड्यालाच होता, शिडीवर असावा.

"डीमध्ये ठेवलंतं तू?"

"मग कुठं ठेवायचं? तूच सांगतोस ना सगळ्यांना, डीमध्ये ठेवा."

तो शिडी उतरल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आप्पानं लावली का ती?"

"मला काय माहीत. लावली असली तर?"

"तर गेलं, आक्के. कॅमेऱ्याची मशीन डिस्क लागली की पयली पुसून घेती. इचारत बी न्हाई."

मी खाली धावले. शटर बंद होतं. तेव्हा लक्षात आलं, त्या दिवशी येळवस होती. मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या आष्टीकडं तिचं एवढं काही नसतं, पण अंबाजोगाईकडं सगळं गाव त्या दिवशी शेतात जेवायला जातं. आप्पा दर साली दुकान बंद करून बायका-पोरांसकट गावाकडच्या शेतात जातात. फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

शटरच्या वर कॅमेरा होता. मी त्याच्याकडं बघत उभी राहिले. त्याच्या भोवतीचे बारीक दिवे अंधारून आलं की लाल होतात. पावसाळ्यासारखं भरून आलेलं आभाळ होतं त्या दिवशी, आणि दिवे लाल होते. ते डिस्क असली तरी लाल होतात आणि नसली तरी होतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की तो डोळा उघडा आहे. आणि आत, हळदीच्या पोत्यांमागं कुठंतरी, माझ्या बायांच्या बोलण्यावर बंद शटरचं चित्र चढतंय. बंद शटर, रिकामा रस्ता, आणि त्यात आता उभी असलेली मीसुद्धा. मीच उभी राहून ते पुसतेय, असं वाटून मी बाजूला सरकले.

कुलूप तोडायचा विचार मनात आला. खोटं कशाला सांगू, दगडही शोधला.

मावशी जिन्याच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि दगड माझ्या हातातून घेऊन पायरीशी ठेवला.

"मावशी, फोन करू का बायांना? फोनवर बोलतील, परत भरून घेईन."

"बोलतीन की."

"मग लावते."

"बोलतीन म्हंजे काय बोलतीन? मुकादम बाजूला, नवरा बाजूला, टोळी बाजूला. 'बरं हाय' म्हनतीन. आमी बी तेच म्हनायचो. फडावरून घरी फोन केला की बरं हाय. पोरगं तापानं फणफणलेलं, तरी बरं हाय."

मी मोबाईल खाली ठेवला. गाड्या भरतानाचा तो काळ, गाव सुटलेलं नाही आणि फड आलेला नाही, तेवढाच त्यांचा मोकळा होता. पत्रकात मी कितीदा लिहिलंय, आवाज दडपला जातो. दडपायला कुणी आलंच नव्हतं इथं. भाऊ होता, मी होते आणि एक चांगला नियम होता.

आप्पांच्या अमावास्येला मी अंधश्रद्धा म्हणत आले. पण डीमध्ये ठेवायचं हे मी तरी कुठं तपासलं होतं? क्लासच्या सरांनी सांगितलं, सगळे करतात, मीही केलं. कप्पे वेगळे दिसले तरी डिस्क एकच असते, हे मला कळत होतं. कळत होतं आणि तरी डी म्हटलं की मला निर्धास्त वाटायचं. यावर मी अजून पत्रक काढलेलं नाही.

दिवेलागणीला फोन वाजला. आप्पाच. मागं माणसांचा गलका, भांड्यांचा आवाज.

"काय ओ ताई, एवढे फोन? दुकान जळालं का काय?"

"आप्पा, ती डिस्क. भावानं दिलेली. लावली का तुम्ही?"

"कोनती? ती काळी डबी?"

"तीच. लावली का?"

"थांबा जरा... आरं त्यो आंबिलीचा डेरा सरकिव तिकडं... हां. ताई, तुमी रागवनार बगा."

"लावली?"

"न्हाई लावली. तुमचं पत्रक वाचलंय मी, तुमाला न्हाई पटायचं. पर उतरता चंद्र चाललाय, नवी वस्तू मी न्हाई चालू करत. आमुशा होऊ द्या, सोमवार बगू, म्हनलं." मग आवाज जरा खाली आणून, "आन खरं सांगू का, त्या वायरीचं भ्या बी वाटलं."

मी जिन्यावर बसले ती बसलेच. मावशींनी फोन माझ्या हातातून घेतला. "आप्पा, डबी कुठं हाय ती सांगा आदी. चंद्राचं मागून बगू."

किल्ली शेजारच्या शिंप्याकडं होती. डबी गल्ल्याच्या वर, महादेवाच्या फोटोजवळ. शटर उचलताना मी वर बघितलं नाही. डिस्क होती तिथंच, आमच्या एका पत्रकात गुंडाळून, वर दोरा बांधून, हळदीची पुडी बांधावी तशी. कुठल्या पत्रकात ते मी बघितलं. सांगणार मात्र नाही.

भाऊ कड्याहून मोटारसायकलवर तसाच आला, हातात वायर घेऊन. जोडली. कर्र कर्र झालं. त्या आवाजाला मी एवढ्या शिव्या दिल्या होत्या, आणि आता वाटत होतं, फिर बाई, हवं तेवढं फिर. डी दिसली. आत बाया होत्या. सगळ्या. मी पहिलं पाकीट उघडलं आणि शेळीचं ओरडणं ऐकू आलं, ट्रॉलीवर चढायला तयार नसलेल्या.

अंबाजोगाईला ऐकून घेणारी चार माणसं टेबलामागं बसली होती. हॉल भरलेला होता, जाणत्या लोकांनी, ज्यांनी ऊस फक्त चहातल्या साखरेत पाहिला. आम्ही बोलणं वाजवलं. अर्ध्या कोयत्यावाल्या बाईचं आलं तेव्हा तिनं विचारलेलं तेही मी कापलं नव्हतं. "हे कुठं ठिवनार तुमी?" लोक हसले. मग ती पुढं बोलली. "मी एकटी म्हून मला अर्धा कोयता धरत्यात. मंग मुकादम म्हनतो, अर्धा कशाला, फलान्याचा भाऊ हाय, त्याच्यासंगं तुला जोडतो, पुरा कोयता होतोय. मोजायला सोपं जातं म्हनं. त्यो भाऊ कोन, मला म्हाईत न्हाई. ऱ्हायाची खोप एक, उसाची मोळी एक. मी न्हाई म्हनलं, तर मोजणीत मीच खोटी." हसणं थांबलेलं होतं. टेबलामागच्या एका बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि ते परत वाजवायला सांगितलं. परत वाजवलं. त्यांनी मान खाली घालून ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. पुढं काय होईल ते मला माहीत नाही. अशा कागदांचं काय होतं ते मी बघितलेलं आहे. पण त्या दिवशी ते ऐकलं गेलं, दोनदा.

परत आल्यावर मी आणि भावानं सगळं उतरवून ठेवलं: नव्या डिस्कवर, पेनड्राइव्हवर, मावशींच्या पोराच्या लॅपटॉपवर. आप्पांची डिस्क आप्पांना दिली. त्यांनी ती सोमवारी लावली, भावाकडून, नारळ फोडून. मी तिथं होते. खोबरं खाल्लं.

मग एकदा फडावरून त्या अर्ध्या कोयत्यावाल्या बाईचा फोन आला. बाजाराच्या दिवशी दुकानातून केला असावा, मागं रिक्षाचे आवाज होते.

"ताई, माझं बोलनं वाजलं का?"

"वाजलं. दोनदा वाजवायला लावलं त्यांनी."

"नाव न्हाई ना घेतलं?"

"नाही."

"आन आता कुठं हाय ते?"

मी डी म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. "तीन जागी ठेवलंय," म्हणाले. "आता काही झालं तरी जायचं नाही."

कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"तीन जागी कशाला?" ती म्हणाली. "येका जागी कुनी ऐकलं तरी बास हाय की."